जीवनरक्षक उपचार थांबविण्याचा प्रश्न : धम्म आणि कायदा

मागील वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपून मंडळी पांगू लागली असता एक उपासक आमच्याजवळ येऊन बसले. वय पन्नाशीचे, घरातील थोरले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "भाऊ, मी बापाला मारलं का?"

हकीकत अशी. त्यांच्या वडिलांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. माहूरहून त्यांना मोठ्या शहरातील एका खासगी दवाखान्यात नेले. तेथे ते अकरा दिवस मशीनवर, म्हणजे व्हेंटिलेटरवर होते. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की आता आशा नाही. ठेवायचे तर ठेवा, न्यायचे तर कागदावर सही करून न्या. धाकटा भाऊ औषधांच्या दुकानात रांगेत होता, आई गावी होती. थोरल्याने सही केली. अँब्युलन्समध्ये हाताने दाबायच्या फुग्यावर श्वास देत वडिलांना घरी आणले आणि दोन तासांत त्यांनी प्राण सोडला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पंगतीत कोणीतरी बोलून गेले, "सही तर मोठ्यानेच केली." तेव्हापासून दोघा भावांचे बोलणे बंद आहे.

त्या अकरा दिवसांतील एक दिवस आम्हांला चांगला आठवतो. धाकटा भाऊ बँकेत आमच्या काउंटरवर आला होता. वडिलांच्या पेन्शन खात्यात बऱ्यापैकी रक्कम होती, परंतु खाते एकट्याच्या नावावर. आजारी खातेदार शुद्धीवर असेल तर दोन साक्षीदारांसमक्ष त्याचा अंगठा खाटेजवळ जाऊन घेता येतो. पण बेशुद्ध माणसाचा अंगठा ही संमती होऊ शकत नाही. आम्हांला 'नाही' म्हणावे लागले. दुपारी तोच मुलगा आईचे आणि बायकोचे दागिने घेऊन सोनेतारण कर्जाच्या टेबलापाशी उभा होता.

उपासकांच्या प्रश्नाला त्या संध्याकाळी आम्ही "नाही, तसे मनात आणू नका" एवढेच उत्तर दिले. ते उत्तर सांत्वनाचे होते, अभ्यासाचे नव्हते. अशी सही आपल्या समाजातील अनेकांनी केलेली आहे आणि पुढेही अनेकांवर ती वेळ येणार आहे. म्हणून तो विषय धम्माच्या आणि कायद्याच्या अंगाने समजून घ्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ

या विषयावर बोलताना लोक 'इच्छामरण' आणि 'दयामरण' हे शब्द कसेही वापरतात आणि त्यामुळे अर्धा गोंधळ होतो. रोग्याला विषारी इंजेक्शन देऊन त्याचे जीवन संपविणे ही एक गोष्ट. नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत २००२ पासून काही कडक अटींवर कायद्याने त्याला मुभा आहे. भारतात तो गुन्हा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ज्या उपचाराने रोग बरा होणार नाही, केवळ मरण लांबणार आहे, तो उपचार सुरूच न करणे किंवा सुरू केलेला थांबविणे. येथे मृत्यू येतो तो रोगाने. कायद्याच्या भाषेत यास निष्क्रिय दयामरण म्हणत आले आहेत, पण ते नावही फारसे बरे नाही, कारण 'दयामरण' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे इंजेक्शनच येते.

तिसरी गोष्ट मेंदूमृत्यूची. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूच्या मूळ भागाचे कार्य कायमचे थांबले असता त्यास मृत्यू मानले आहे. हा निर्णय ठरलेल्या डॉक्टरांनी तपासण्या करून द्यावयाचा असतो. बेशुद्धी आणि मेंदूमृत्यू या एकच गोष्टी नव्हेत, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

चौथी गोष्ट वेदनाशामक औषधांची. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत डॉक्टर मॉर्फिन देतात ते वेदना कमी करण्यासाठी. त्याला मारण्याचे औषध समजून नकार देणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत आणि त्या रोग्यांचे कण्हणेही ऐकले आहे.

पहिले शील आणि चेतना

पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. ते आपण नित्य म्हणतो, पण ते मोडले केव्हा असे समजावे, याचा विचार सहसा करीत नाही. पाली अट्ठकथांनी त्याची पाच अंगे सांगितली आहेत. समोर जिवंत प्राणी असला पाहिजे, तो जिवंत आहे याची जाणीव असली पाहिजे, मारण्याचा हेतू असला पाहिजे, त्यासाठी प्रयत्न झाला पाहिजे आणि त्या प्रयत्नानेच मृत्यू आला पाहिजे. तथागतांनी चेतनेलाच कम्म म्हटले असल्याने यांतील तिसऱ्या अंगाला सर्वांत अधिक महत्त्व आहे. आमच्या उपासकांच्या बाबतीत पहिली दोन अंगे होती. तिसरे नव्हते. अकरा दिवस ज्याने घरातील दागिने तारण पडताना पाहिले आणि दवाखान्याच्या जिन्यावर झोपून रात्री काढल्या, त्याचा हेतू मारण्याचा होता असे कोण म्हणेल? मृत्यूही मेंदूतील रक्तस्रावाने आला, सहीने आला नाही.

तथापि 'माझा हेतू चांगला होता' एवढे म्हटले की झाले, असेही नाही. विनयपिटकातील तिसऱ्या पाराजिकाची कथा या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखी आहे. वैशालीत काही भिक्खूंनी देहाच्या अशुभत्वावर चिंतन करता करता शरीराची इतकी घृणा धरली की त्यांनी स्वतःचे प्राण घेतले किंवा दुसऱ्याकडून घेवविले. तथागतांनी याचा निषेध करून नियम घातला. पुढे आणखी एक प्रसंग घडला. एका आजारी उपासकाच्या रूपवती पत्नीवर काही भिक्खूंचे मन गेले. हा जगला तर आपल्याला ती मिळणार नाही, असे मनात धरून ते त्याच्याकडे गेले आणि तुम्ही पुष्कळ पुण्य केले आहे, आता या कष्टी जगण्यापेक्षा मरण बरे, अशा गोड भाषेत मरणाची स्तुती करू लागले. त्या बिचाऱ्याने पथ्य सोडले आणि तो मेला. तेव्हापासून नियमात मरणाची स्तुती करणे आणि मरणास प्रवृत्त करणे हेही आले. एवढेच नव्हे, तर एका आजारी भिक्खूपुढे दुसऱ्यांनी करुणेपोटी मरणाची स्तुती केली, तेही विनयाने दोषमुक्त ठरविले नाही.

ही कथा आम्हांला फार जवळची वाटते. रोग्याच्या उशाशी बसून 'आता यांची सुटका झाली तर बरे' असे म्हणणाऱ्याच्या मनात खरोखर सुटका कोणाची असते? सातबाऱ्यावरील नावाचा किंवा ठेवीवरील वारसाचा विचार मनाच्या कोपऱ्यात असतो काय? बँकेत बसून आम्ही हे दोन्ही प्रकार पाहतो. ठेव मोडून बापाला जगविणारी मुले पाहतो आणि बाप दवाखान्यात असताना 'वारस म्हणून कोणाचे नाव आहे' हे विचारायला येणारीही पाहतो.

दुसऱ्या बाजूने, उपचार सोडणे हे नेहमीच सदोष मानले गेले नाही. आचार्य बुद्धघोषांच्या नावे असलेल्या समंतपासादिका या विनयावरील अट्ठकथेत याविषयी मोठा सूक्ष्म विचार आहे. औषध आणि शुश्रूषा उपलब्ध असताना केवळ मरण्याच्या इच्छेने अन्न तोडणे भिक्खूस योग्य नाही. परंतु आजार दीर्घकाळचा आहे, औषधाने हटत नाही, शुश्रूषा करणारे थकून गेले आहेत, असे पाहून रोगी भिक्खूने अन्न व औषध थांबविले तर ते चालते. पंधराशे वर्षांपूर्वी, व्हेंटिलेटर स्वप्नातही नसताना, हा फरक केला गेला. हा निर्णय तेथे रोगी स्वतः घेतो, शुश्रूषा करणारे घेत नाहीत, हेही येथे नोंदविले पाहिजे.

तथागतांच्या अखेरच्या वर्षातील दोन प्रसंगही महापरिनिब्बान सुत्तात आहेत. बेलुव गावी वर्षावासात त्यांना मरणप्राय आजार झाला. संघाशी न बोलता निघून जाणे बरे नव्हे, असा विचार करून त्यांनी निश्चयबळाने तो आजार मागे सारला. पुढे वैशालीत चापाल चैत्यापाशी मात्र त्यांनी आयुसंस्कार सोडून दिला. सुत्तातील माराचा संवाद आपण बुद्धिवादी वाचक बाजूला ठेवू. काम शिल्लक होते तोवर देह टिकविला आणि ऐंशी वर्षे वयाचा देह काम झाल्यावर धरून ठेवला नाही, एवढा अर्थ आम्हांला त्यातून दिसतो.

बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करून वागण्याची मोकळीक देते. त्याच ठिकाणी त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज हेही वेगळे केले आहे. त्या शब्दांचा आधार घेऊन इंजेक्शनचे समर्थन करणारे काही तरुण आम्हांला भेटले. आमच्या मते ते बरोबर नाही. असाध्य रोग्याला मारण्याची गरज नसते. त्याला त्रासदायक यंत्रातून सोडविण्याची आणि शेवटपर्यंत सांभाळण्याची गरज असते.

अरुणा शानबाग

आपल्या देशात या प्रश्नाचा कायदा घडला तो मुंबईतील एका परिचारिकेच्या निमित्ताने. अरुणा शानबाग या मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या नोकरीला होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि पंचविशीतील ती मुलगी कायमची अंथरुणाला खिळली. हल्लेखोर सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. अरुणाबाई मात्र त्याच रुग्णालयात बेचाळीस वर्षे पडून राहिल्या.

पत्रकार व लेखिका पिंकी विराणी यांनी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की त्यांना अन्न भरविणे थांबवून शांतपणे जाऊ द्यावे. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती पाठविली. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अर्ज फेटाळला, पण उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन जीवनरक्षक उपचार थांबविता येतील, हे तत्त्व मान्य केले. अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, यावर न्यायालयाने जे म्हटले ते विशेष महत्त्वाचे वाटते. हा अधिकार पुस्तक लिहिणाऱ्या विराणीबाईंचा नव्हे, तर वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा, असे न्यायालयाने ठरविले. आणि त्या परिचारिकांना अरुणाबाई हव्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी अरुणाबाईंच्या अंगावर अंथरुणाची जखम होऊ दिली नव्हती. आपल्या घरात महिनाभर पडून असलेल्या माणसाची पाठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ कळेल. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

विराणीबाईंना निर्दय म्हणणे आम्हांला पटत नाही. दोन्हीकडे करुणाच होती. परंतु आमचा कौल परिचारिकांच्या बाजूने आहे. अरुणाबाई मशीनवर नव्हत्या. त्या स्वतः श्वास घेत होत्या, वाटून मऊ केलेले अन्न कित्येक वर्षे तोंडाने घेत होत्या. घास भरविणे ही सेवा आहे आणि व्हेंटिलेटर हा उपचार आहे. नाकातील नळीने अन्न देणे यांपैकी कशात मोडते, हे ठरविणे अवघड आहे आणि त्याबाबत आमचेही मत पक्के झालेले नाही.

अमेरिकेतील कॅरेन क्विन्लन या तरुणीचे प्रकरण याच्याशी ताडून पाहावे. १९७५ साली ती बेशुद्ध झाली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तिच्या वडिलांना व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय घेण्याची मुभा दिली. यंत्र काढले आणि ती स्वतः श्वास घेऊ लागली. आईवडिलांनी नळीने अन्न देणे बंद केले नाही, ती १९८५ पर्यंत जगली. यंत्र काढणे म्हणजे मारणेच होय, असे म्हणणाऱ्यांनी या नऊ वर्षांचा विचार करावा.

आपल्या जवळचे उदाहरण आचार्य विनोबा भावे यांचे. त्यांच्याशी आपले मतभेद असोत, पण नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे हृदयविकारानंतर त्यांनी औषध, अन्न आणि पाणी नाकारले आणि १५ तारखेला देह ठेवला. ते शुद्धीवर होते आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता, त्यामुळे कोणा मुलाला सही करावी लागली नाही.

कायदा आज काय म्हणतो

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास, ज्यास 'लिव्हिंग विल' म्हणतात, मान्यता दिली. त्यावेळची पद्धत फार किचकट होती. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत असे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती बरीच सोपी झाली.

आता अठरा वर्षांवरील, शुद्धबुद्धीची कोणतीही व्यक्ती स्वखुशीने असे पत्र लिहू शकते. दोन साक्षीदार लागतात, शक्यतो घराबाहेरचे. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करावे लागते. आपण बेशुद्ध झालो तर आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावे त्यात घालावी लागतात. एकाहून अधिक नावे घालता येतात. एक प्रत त्या व्यक्तींना, एक घरच्या डॉक्टरांना असल्यास, आणि एक स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावयाची. माहूरला ती संस्था म्हणजे नगरपंचायत, खेड्यात ग्रामपंचायत. मन बदलले तर पत्र लेखी स्वरूपात केव्हाही रद्द करता किंवा बदलता येते. हे मृत्युपत्र नव्हे. मृत्युपत्र मेल्यानंतर मालमत्तेसाठी लागू होते, हे जिवंतपणी देहासाठी आहे.

रोगी बरा होण्याची आशा नाही असे झाल्यावर रुग्णालयाने प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमायचे. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. त्यांच्या मताची तपासणी दुसरे मंडळ करते. त्यातील एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावे. पत्रात नावे असलेल्यांची संमती घ्यायची, न्यायदंडाधिकाऱ्यास कळवायचे आणि मग उपचार थांबवायचे. पत्र नसेल तरी हीच पद्धत, फक्त संमती जवळच्या नातेवाइकांची. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचा मार्ग आहे.

आपल्या भागातील अडचण

कायदा चांगला आहे. परंतु तो ज्या रुग्णालयाची कल्पना करतो, त्यात दोन मंडळे भरतील एवढे तज्ज्ञ आहेत. माहूरहून नांदेड सुमारे सव्वाशे किलोमीटर. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणून पुष्कळजण तिकडे जातात. तेथून पुढे नागपूर किंवा हैदराबाद. या प्रवासात मंडळ नेमा, असे म्हणणारा नातेवाईक आम्ही अद्याप पाहिलेला नाही. बहुतेक ठिकाणी घडते ते असे की पैसा संपतो आणि 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत' अशा कागदावर सही घेतली जाते. त्या एका ओळीने सगळा निर्णय घरच्यांच्या गळ्यात पडतो. डॉक्टरांनी तोंडाने आशा नाही म्हणून सांगितले असले तरी कागदावर ते सल्ल्याविरुद्धच असते. आमच्या उपासकांच्या मनाला जे लागले त्यात या ओळीचा वाटा मोठा आहे.

पैसा संपल्याने रोग्याला आणले असेल तर त्यास धम्माचे नाव देऊ नये, असेही आम्हांला स्पष्ट म्हणावेसे वाटते. ज्याला आणखी चार दिवसांच्या उपचाराने गुण आला असता, त्याला पैशाअभावी आणावे लागणे हा अन्याय आहे. त्याविरुद्ध सरकारी योजनांचे कागद, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील खाट, यांसाठी आपल्या मंडळाने धावपळ केली पाहिजे. अनित्यतेचे सुत्त तेथे वाचू नये. निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारावे, हे यंत्र बरे करण्यासाठी आहे की केवळ श्वास चालू ठेवण्यासाठी?

आणखी एक गोष्ट. सही करणारे बहुधा पुरुष असतात आणि पाठ पुसणाऱ्या, कूस बदलविणाऱ्या बायका असतात. त्यांना कोणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अरुणाबाईंच्या बाबतीत सेवा करणाऱ्यांना विचारले. आपल्या घरात आपण आईला विचारले काय?

घरी आणल्यानंतर तर खरी सेवा सुरू होते. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूस तथागतांनी आणि आनंदांनी स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा उरला नव्हता. केरळमध्ये २००८ साली राज्याने परिहार सेवेचे धोरण आखले आणि गावागावांतील स्वयंसेवक परिचारिकेबरोबर अशा रोग्यांच्या घरी जातात. आपल्या मंडळातील तरुणांना तोंड ओले ठेवणे, कूस पालटणे, जखम न होऊ देणे एवढे शिकविले तरी पुष्कळ होईल. ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका भगिनी ते एका दुपारी शिकवू शकतील.

आमच्या उपासकांच्या आई कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दर महिन्याला बँकेत येतात. या लेखाची तयारी चालू असता त्यांना आम्ही इच्छापत्राविषयी सांगितले. त्या म्हणाल्या, "मह्या वेळेला मशीन लावू नका, बाबा. पानी पाजा अन् तोंड पुसत राहा." आम्ही तेवढेच कागदावर उतरवून घेतले. बोलणारे म्हणून त्यांनी दोन्ही मुलांची नावे सांगितली. साक्षीदार विहारातील दोघे ठरले. नोटरीकडे जाण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवायचा म्हणून येत्या पौर्णिमेला दोन्ही भावांना त्यांच्या घरी बोलाविले आहे, आणि धाकट्याने येतो म्हणून कळविले आहे.